ग्रूव्ह कधी मारायचे, कुठे मारायचे आणि किती खोल?

‘वाचकांचे प्रश्न’ या सदराकडे या वेळी आलेल्या पत्रांत गोदामे, कारखाने आणि पॅकहाऊस यांच्या काँक्रीट फ्लोअरिंगमधील सांध्यांविषयीची, विशेषतः ग्रूव्हविषयीची (म्हणजे फ्लोअरिंगमध्ये कटरने मारलेल्या सरळ चिरांविषयीची) पत्रे सर्वाधिक होती. सारख्या स्वरूपाचे प्रश्न एकत्र करून निवडक पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : भिवंडीजवळ आमचे गोदाम आहे. फ्लोअरिंग १५० मिमी जाडीचे, ट्रिमिक्स पद्धतीचे (ओतलेल्या काँक्रीटमधले जास्तीचे पाणी ओढून काढून केलेले) आहे. ४ मीटर रुंदीचे पट्टे ओतून त्यांत दर ८ मीटरवर आडवे ग्रूव्ह मारले आहेत. ग्रूव्ह साधारण २० मिमी खोल असून ते काँक्रीट ओतल्यावर आठवड्याभराने मारले गेले. पुढच्या काही महिन्यांत बहुतेक पॅनेलांना (दोन ग्रूव्हमधल्या तुकड्यांना) मधोमध आडव्या भेगा पडल्या. काही ठिकाणी तर ग्रूव्हपासून वीतभर अंतरावर, ग्रूव्हला समांतर भेग गेली आहे. ठेकेदार म्हणतो, सिमेंट खराब आले होते. दोष कोणाचा, आणि आता मध्ये नवीन ग्रूव्ह मारून घ्यावेत का?

उत्तर : सिमेंटकडे बोट दाखवण्याआधी आपण पत्रात स्वतःच दिलेले आकडे पुन्हा पाहावेत, कारण या भेगांचे कारण त्यांतच आहे.

काँक्रीट सुकताना आकसते. काँक्रीटविषयीच्या आयएस ४५६ : २००० या भारतीय मानकात एकूण आकुंचनाचे अंदाजे मूल्य ०.०००३ धरलेले आहे. त्या हिशेबाने ८ मीटर लांबीचे पॅनेल मोकळे असते, तर ते सुमारे २.४ मिमी आखूड झाले असते. पाणी जास्त पडलेल्या काँक्रीटमध्ये हा आकडा प्रत्यक्षात दीडपट किंवा दुप्पटही होतो. परंतु पॅनेल मोकळे नसते. खालचे सोलिंग (दगडांचा थर) आणि पीसीसी (साध्या काँक्रीटचा थर) त्याला धरून ठेवतात, आणि काँक्रीटची ताण सोसण्याची ताकद त्याच्या दाब सोसण्याच्या ताकदीच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढीच असल्यामुळे ते मध्येच कुठेतरी फाटते. भेग टाळणे कोणाच्याच हातात नाही. ती सरळ रेषेत आणि आपण नेमून दिलेल्या जागी पडावी यासाठी तेथील छेद मुद्दाम कमजोर करायचा असतो, आणि ग्रूव्हचे काम तेवढेच असते.

दोन ग्रूव्हमधले अंतर फ्लोअरिंगच्या जाडीच्या २४ ते ३६ पट ठेवावे असा सर्वत्र मान्य संकेत आहे. आपल्या १५० मिमी जाडीसाठी ३० पट धरले, तरी ४.५ मीटर येतात. शिवाय पॅनेल शक्यतो चौरस असावे आणि लांबी रुंदीच्या दीडपटीपलीकडे जाऊ नये. आपले पॅनेल ४ बाय ८ मीटर आहे, म्हणजे लांबी नेमकी दुप्पट आहे, आणि भेग गेली आहे ती बरोबर मधोमध, जिथे ग्रूव्ह असायला हवा होता तिथे. काँक्रीटने राहून गेलेला सांधा स्वतःच करून घेतला, असे म्हणता येईल.

खोलीचेही तसेच आहे. साध्या कटरने मारलेला ग्रूव्ह जाडीच्या निदान चौथ्या हिश्शाएवढा खोल लागतो, म्हणजे आपल्याकडे सुमारे ४० मिमी. वीस मिमीच्या चिरेने छेद पुरेसा कमजोर होत नाही, आणि भेग शेजारून निघून जाते. वरून दोन्ही ग्रूव्ह सारखेच दिसत असल्याने खोली नंतर कोणी तपासत नाही. कटिंग चालू असतानाच ग्रूव्हमध्ये पोलादी पट्टी घालून ती मोजून घ्यावी.

तरीही सर्वांत मोठी चूक वेळेची आहे. दुपारी ओतलेले काँक्रीट सिमेंटच्या अभिक्रियेमुळे संध्याकाळपर्यंत तापते, आणि पहाटे हवा गार झाली की तेही थंड होऊन आकसू लागते. त्या वेळी त्याची ताकद नाममात्र असते. पुष्कळदा पहिली भेग याच पहिल्या रात्री पडते; ती केसासारखी बारीक असल्याने दिसत नाही, आणि काही आठवड्यांनी फ्लोअरिंग सुकून रुंदावली की ‘आता भेगा पडायला लागल्या’ असे आपल्याला वाटते. आठवड्याने कटर लावला तेव्हा आपल्या बऱ्याच पॅनेलांत भेग आधीच तयार होती. ग्रूव्हपासून वीतभर अंतरावरच्या समांतर भेगांचा उलगडा यातूनच होतो : जिथे भेग आधी पडली होती तिथे ग्रूव्हला काही काम उरले नाही, आणि जिथे पडली नव्हती तिथे तो उथळ ठरला.

पाण्यावर चालणारा साधा कटर फिनिशिंग संपल्यावर उन्हाळ्यात सुमारे ४ तासांनी आणि थंडीत सुमारे १२ तासांनी लावता येतो. घड्याळापेक्षा भरवशाची कसोटी म्हणजे कडेला हातभर लांबीचा एक चाचणी काप घेणे. पात्याबरोबर खडी उपटून येत असेल आणि कड दातेरी होत असेल, तर थोडे थांबावे. पाते खडी कापत जात असेल आणि कड धारदार राहत असेल, तर त्याच मिनिटाला काम सुरू करावे, आणि ज्या क्रमाने काँक्रीट ओतले त्याच क्रमाने कापत जावे. प्रत्यक्षात अडते ते भलतीकडेच. कटरवाला संध्याकाळी सहाला घरी जातो, रात्री साइटवर वीज नसते, किंवा एकुलते एक पाते झिजलेले असते. म्हणून काँक्रीटची ऑर्डर देतानाच रात्रीचा ऑपरेटर, दिवे आणि जास्तीचे पाते यांची सोय लेखी ठरवून घ्यावी. कापताना निघणारा पांढरा गाळही लगेच पाण्याने धुऊन काढावा, कारण तो ग्रूव्हमध्ये घट्ट बसला की नंतर फिलर (सांधा भरण्याचे साहित्य) भरताना खरवडून काढणे जिकिरीचे होते.

आता नवीन ग्रूव्ह मारू नयेत. भेग हाच आता सांधा आहे, आणि शेजारी दुसरी चीर पाडून ती बंद होणार नाही. प्रत्येक भेगेच्या दोन्ही टोकांशी तारीख लिहून खूण करावी, रुंदी नोंदवावी आणि एक पावसाळा व एक उन्हाळा जाऊ द्यावा. ज्या भेगांवरून चाके जात नाहीत आणि ज्या अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक आहेत त्यांना हात लावण्याची गरज नाही. ज्यांच्या कडा चाकांखाली झडू लागल्या आहेत त्या भेगेच्याच वळणाने कापून घेऊन अर्धकठीण एपॉक्सीने भराव्यात. भेगेच्या दोन बाजूंच्या पातळीत फरक आढळला, तर मात्र ते आकुंचन नाही. तेथे भराव दबला आहे, आणि आधी तो तपासायला हवा.

दोषाबद्दल विचारलेच आहे म्हणून लिहितो. उशिरा आणि उथळ कापल्याची जबाबदारी ठेकेदाराची आहे. परंतु सांध्यांचा नकाशा त्याला आपण किंवा आपल्या सल्लागाराने दिला होता का? दिला नसेल, तर सांधे कुठे घ्यायचे हे कटरवाल्याने आपल्या मनाने ठरवले, आणि त्याला ते ठरवू देणारे आपणच होतो.

प्रश्न : चाकण औद्योगिक क्षेत्रातील आमच्या कारखान्यात ग्रूव्हच्या कडा तुटून वाटाण्यापासून लिंबाएवढे खड्डे झाले आहेत. दरवर्षी आम्ही ग्रूव्ह डांबराने किंवा मऊ सीलंटने भरतो, आणि हँड पॅलेट ट्रकच्या चाकांनी ते काही महिन्यांत निघून येते. कायमचा उपाय आहे का?

उत्तर : आपण जे भरता ते पाणी अडवण्यासाठी बनवलेले साहित्य आहे, चाकाचा भार पेलण्यासाठी नाही. हँड पॅलेट ट्रकची पुढची चाके लहान आणि कडक असतात, आणि टन-दीड टन माल घेऊन ती ग्रूव्हवर आली की मऊ सीलंट खाली दबते आणि संपूर्ण आघात समोरच्या उघड्या कडेवर बसतो. फोर्कलिफ्टच्या मोठ्या रबरी चाकांपेक्षा ही लहान चाके सांध्यांचे अधिक नुकसान करतात, हे पुष्कळ व्यवस्थापकांच्या लक्षात येत नाही, कारण फोर्कलिफ्ट अवजड दिसते.

चाकांची वर्दळ असलेल्या सांध्यात अर्धकठीण एपॉक्सी किंवा पॉलियुरिया फिलर वापरावा. त्याची कठीणता शोअर ए मापावर किमान ८० असावी. खरेदीच्या वेळी उत्पादकाच्या तांत्रिक पत्रकात हा आकडा पाहून घ्यावा. फिलर ग्रूव्हच्या तळापर्यंत पूर्ण खोलीत भरायचा असतो. सीलंटच्या सवयीने अनेक जण आधी फोमची दोरी खाली सारतात आणि वर जेमतेम बोटाच्या पेराएवढा थर देतात. तो थर चाकाखाली खचतो. फिलर किंचित उंच भरून, घट्ट झाल्यावर धारदार पात्याने फ्लोअरिंगच्या पातळीत तासून घ्यावा, कारण खोलगट राहिलेला फिलर कडेला आधार देत नाही.

त्याआधी तुटलेल्या कडा दुरुस्त कराव्या लागतील. हातोडीने ठोकत जाऊन पोकळ आवाज जिथे थांबतो तिथे खडूने रेषा ओढावी आणि सांध्याच्या दोन्ही बाजूंना तिच्या पलीकडून, सांध्याला समांतर, किमान २० ते २५ मिमी खोल उभा काप घ्यावा. आतले सर्व काँक्रीट काढून धूळ व्हॅक्यूमने ओढावी आणि प्रायमर लावून एपॉक्सी मॉर्टर भरावे. कडेला निमुळता होत शून्यावर येणारा थर कधीही ठेवू नये. तो पापुद्र्यासारखा सुटतो. मॉर्टर घट्ट झाल्यावर जुन्या सांध्याच्या अगदी वर पुन्हा ग्रूव्ह कापावा आणि त्यात फिलर भरावा. ही शेवटची पायरी वाचवण्याचा मोह फार होतो, पण सांध्यावरून सलग मॉर्टर टाकले, तर खालची हालचाल थांबत नाही आणि बोटभर अंतरावर नवी भेग हमखास येते.

‘कायमचा’ हा शब्द मात्र मी वापरणार नाही. आकुंचन वर्षभर आणि त्यापुढेही हळूहळू चालू राहते, त्यामुळे फिलर एका बाजूने सुटून केसाएवढी फट दिसणे स्वाभाविक आहे आणि त्याला बिघाड समजू नये. नवीन फ्लोअरिंगमध्ये फिलर जितका उशिरा भरता येईल तितका चांगला. दोन-तीन महिने तरी थांबावे. फट मिलिमीटरपेक्षा मोठी झाली की तेवढीच पुन्हा भरावी. दर सहा महिन्यांनी सांध्यांचा नकाशा हाती घेऊन मुख्य मार्गिका आणि लोडिंग डॉकच्या तोंडाशी असलेले सांधे पायी फिरून पाहावेत, कारण तिथेच चाके वळतात, थांबतात आणि घासतात. पॅलेट ट्रकच्या चाकांत रुतलेले खिळे आणि पत्र्याचे तुकडे काढण्याचे कामही याच यादीत घालावे.

प्रश्न : तारेची जाळी किंवा फायबर टाकले तर ग्रूव्ह लागत नाहीत, असे आमच्या मिस्त्रींचे म्हणणे आहे. ते खरे का? (सांगली)

उत्तर : नाही. नेहमीच्या प्रमाणातली जाळी किंवा फायबर भेग थांबवत नाही. पडलेली भेग फार उघडू देत नाही, इतकेच. तेवढ्यासाठीही जाळी वरच्या तिसऱ्या भागात, पृष्ठभागाखाली सुमारे ५० मिमीवर असावी लागते. आपल्याकडे ती पीसीसीवर अंथरतात, ‘ओतताना आकड्याने वर ओढू’ असे म्हणतात आणि तिच्यावरूनच चालत काँक्रीट पसरतात, त्यामुळे ती तळाशीच राहते. जाळी कॉंक्रीटच्या खुर्च्यांवर किंवा ब्लॉकवर ठेवावी, आणि ग्रूव्हच्या रेषेत ती खंडित करावी, म्हणजे सांधा मोकळेपणाने उघडू शकेल. जड वाहतुकीच्या ठिकाणी, विशेषतः दिवसाचे काम जिथे थांबते त्या सांध्यात, भार पलीकडच्या पॅनेलवर जाण्यासाठी गुळगुळीत गोल डॉवेल बार घालावेत. १५० मिमी जाडीला २० मिमी व्यासाचे, ४०० मिमी लांबीचे बार दर ३०० मिमीवर पुरतात. ते जाडीच्या मध्यावर, एकमेकांना अगदी समांतर असावेत आणि त्यांच्या अर्ध्या लांबीला ग्रीस लावलेले असावे. पीळदार सळईचे तुकडे डॉवेल म्हणून घालणे हा सांधा कुलूपबंद करण्याचा प्रकार आहे.

प्रश्न : प्रत्येक लोखंडी स्तंभाच्या कोपऱ्यातून तिरकी भेग गेली आहे. नवीन शेडमध्ये हे कसे टाळावे?

उत्तर : स्तंभ आपल्या पायावर उभा असतो आणि फ्लोअरिंग भरावावर, दोघांची हालचाल वेगळी, म्हणून दोघे वेगळेच राहिले पाहिजेत. स्तंभाभोवती गोल किंवा, चौरस असल्यास ४५ अंश फिरवलेला डबा (फ्लोअरिंगपासून वेगळी ठेवलेली जागा) सोडावा, आणि पॅनेलांचे ग्रूव्ह त्या चौकोनाच्या टोकांशी येऊन मिळतील असा नकाशा आखावा. डबा आणि फ्लोअरिंग यांच्यामध्ये १० ते १२ मिमी जाडीची दाबली जाणारी फोमची पट्टी पूर्ण खोलीपर्यंत घालावी; वरच्या इंचभर भागात फोम आणि खाली काँक्रीटला काँक्रीट चिकटलेले, अशी अर्धी पट्टी निरुपयोगी असते. भिंती, यंत्रांचे पाये आणि नाल्यांचे चेंबर यांनाही हाच नियम लागू आहे. जिथे आतला कोपरा टाळताच येत नाही, तिथे ग्रूव्ह त्या कोपऱ्यातूनच सुरू करावा.

प्रश्न : बुटीबोरीतील आमच्या गोदामात फोर्कलिफ्ट सांध्यावरून गेली की ‘टक’ असा आवाज येतो, आणि शेजारी उभे राहिल्यास पायाखाली हालचाल जाणवते. आम्ही उंच झालेल्या कडा ग्राइंडरने घासून घेतल्या, पण फरक पडला नाही.

उत्तर : आपल्या पॅनेलांच्या कडा वर वळल्या आहेत. विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात फ्लोअरिंगचा वरचा थर भराभर सुकतो, तर खाली प्लास्टिकचा कागद असल्याने तळाचा ओलावा तसाच राहतो. वरचा भाग जास्त आकसला की तापलेल्या पापडासारख्या कडा उचलल्या जातात आणि त्यांच्याखाली पोकळी होते. चाक एका कडेवर आले की ती खाली बसते आणि दुसरी तशीच उंच राहते. हाच तो आवाज.

आपण क्रम उलटा केला. आधी पोकळी भरायची, मग घासायचे. कडेपासून थोड्या अंतरावर छिद्रे पाडून पातळ सिमेंट ग्राउट किंवा पॉलियुरेथेन कमी दाबाने आत सोडावे, आणि दोन्ही पॅनेलांवर डायल गेज (बारीक हालचाल मोजणारे उपकरण) लावून चाक नेताना हालचाल थांबली आहे याची खात्री करावी. दाब वाढवला तर पॅनेल उचलले जाऊन मध्यावर तडकते, म्हणून हे काम अनुभवी माणसाकडूनच करून घ्यावे. त्यानंतर पातळी घासून सारखी करावी आणि सर्वांत शेवटी फिलर भरावा. हलणाऱ्या सांध्यात भरलेला फिलर टिकत नाही. त्यावरचा खर्च वाया जातो.

पुढच्या कामात ट्रान्झिट मिक्सरमध्ये साइटवर पाणी घालू देऊ नये, आणि क्युरिंगमध्ये काटकसर करू नये. कोरड्या व उष्ण हवेत साध्या सिमेंटला किमान १० दिवस आणि पीपीसीसारख्या मिश्र सिमेंटला १४ दिवस ओले ठेवण्याची शिफारस आयएस ४५६ करते. तीन दिवस गोणपाट टाकून चौथ्या दिवशी माल रचणारी गोदामे मी पुष्कळ पाहिली आहेत. ओलाव्याने खराब होणारा माल ठेवायचा असेल, तर मात्र कडा वळण्याच्या भीतीने खालचा प्लास्टिकचा कागद काढू नये.

प्रश्न : निफाड तालुक्यात द्राक्षांचे पॅकहाऊस आणि शीतगृह बांधत आहोत. जमीन काळी आहे. प्रतवारीच्या हॉलमध्ये रोज पाणी मारून धुणे होते आणि ट्रॉल्याही फिरतात. सांधे कशाने भरावेत?

उत्तर : हॉल आणि शीतगृह यांचा विचार स्वतंत्रपणे करावा लागेल, आणि त्याआधी मातीचा. काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर सरळ सोलिंग टाकले, तर कितीही काळजीने आखलेले सांधे पातळी राखू शकत नाहीत. माती परीक्षणात सुचवलेल्या खोलीपर्यंत ती काढून न फुगणारा मुरूम थराथराने, प्रत्येक थर ओलसर करून रोलरने दाबून भरावा, आणि इमारतीभोवतीचे पावसाचे पाणी प्लिंथपासून दूर न्यावे.

धुण्याच्या हॉलमध्ये उतार आखतानाच सांध्यांच्या जागा ठरवाव्यात. सांधे उताराच्या माथ्यावर यावेत आणि पाणी त्यांच्यापासून दूर नाल्याकडे वाहावे. नाल्याच्या खोलगट रेषेतच सांधा आला, तर दिवसभराचे पाणी त्यावर उभे राहते आणि तिथूनच काळ्या मातीपर्यंत पोहोचते. जिथे फक्त माणसे चालतात तिथे ग्रूव्ह ८ ते १० मिमी रुंद करून, फोमची दोरी घालून, रुंदीच्या निम्म्या खोलीचे लवचीक पॉलीसल्फाइड किंवा पॉलियुरेथेन सीलंट भरावे. ट्रॉल्यांच्या वाटेवर मात्र अर्धकठीण फिलरच घ्यावा आणि हंगामापूर्वी दरवर्षी त्याच्या सुटलेल्या फटी भराव्यात. दोन्ही गुण एकाच साहित्यात मिळतात असे विक्रेता सांगेल. त्याच्याकडून लेखी हमी घेऊन मगच विश्वास ठेवावा.

शीतगृहाच्या बाबतीत घाई करू नये, एवढेच मुख्य पथ्य आहे. आपल्याकडच्या बसाल्ट खडीचे काँक्रीट दर अंश सेल्सिअसला लांबीच्या साधारण ०.०००००९ पट आकसते किंवा प्रसरण पावते. ३० अंशांवर ओतलेले ५ मीटरचे पॅनेल शून्य अंशाजवळ आणले की सुकण्याच्या आकुंचनाशिवाय आणखी सुमारे १.३ मिमी आखूड होते. हवा गरम असतानाच सांधे भरून टाकले, तर पहिल्याच हंगामात फिलर कडांपासून सुटतो. खोलीचे तापमान टप्प्याटप्प्याने, काही दिवस घेऊन खाली आणावे. ते नेहमीच्या पातळीवर स्थिर झाल्यावर, त्या तापमानात घट्ट होऊ शकेल असा फिलर निवडून सांधे भरावेत. यंत्रे आणि रॅक लागल्यावर हे काम अडचणीचे होते, म्हणून शीतकरण सुरू होण्याची आणि पहिला माल येण्याची तारीख यांच्यात त्यासाठी आठवडाभर राखून ठेवावा.